अमेरिकेत चार्टर शाळेत शिकवायला लायसन्स लागतं का? (टेक्सास, बी.एस्सी., बी.एड.)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी., मग बी.एड., आणि पुढे मराठी माध्यमाच्या हायस्कुलात नववी-दहावीला विज्ञान शिकवत होते. आता ह्यूस्टनजवळ राहतो. यांचा आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर झाला, मला एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर ईएडी, म्हणजे नोकरी करायचा परवाना, मिळालं, आणि पुन्हा वर्गात उभं राहता येईल अशी आशा वाटायला लागली.

घराजवळच्या एका चार्टर शाळेत सातवी-आठवीच्या विज्ञानासाठी अर्ज केला. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "सर्टिफिकेट नसलं तरी चालेल, पदवी हवी." मी हरखून गेले. पण न्यू जर्सीतली माझी नणंद म्हणते, असं होणंच शक्य नाही. सरकारी पैशावर चालणारी शाळा, लायसन्सशिवाय कुणाला घेईलच कशी? तिचा मुलगा चार्टर शाळेतच जातो आणि तिथले सगळे शिक्षक लायसन्सवाले आहेत. "नीट चौकशी कर, नाहीतर फसशील," असं तिने बजावलंय.

दोघींत खरं कोणाचं? मुलांची मला भीती नाही, पाठ टाचण काढून कोणताही धडा शिकवेन. काळजी वाटते ती कागदांची. पुढेमागे आम्हालाही न्यू जर्सीला जावं लागेल अशी शक्यता आहे. मग आत्ता ही नोकरी धरावी, की आधी परीक्षा द्याव्यात?

गणिताच्या_बाई

ताई, खरं दोघींचंही आहे. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढते. पण ती चालवते स्वतंत्र मंडळ, आणि कोणत्या नियमांतून तिला सूट द्यायची हे प्रत्येक राज्य आपापल्या कायद्यात ठरवतं. पहिला चार्टर कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला. तिथे चार्टरच्या शिक्षकालाही लायसन्स (सर्टिफिकेट म्हणतात तेही हेच) लागतंच. फ्लोरिडात, मिशिगनमध्येही लागतं. पेनसिल्व्हेनियात ७५ टक्के शिक्षक प्रमाणित हवेत, नॉर्थ कॅरोलायनात निम्मे. ॲरिझोनात बोटांच्या ठशांचं क्लिअरन्स कार्ड घ्यावं लागतं, पण साध्या वर्गशिक्षकाला सर्टिफिकेटची सक्ती नाही. कॅलिफोर्निया आधी बरीच सैल होती. २०१९ च्या एबी १५०५ कायद्याने तिने चार्टरच्या शिक्षकांना सरकारी शाळांच्याच पातळीवर आणलं आणि आधीपासून नोकरीत असलेल्यांना १ जुलै २०२५ पर्यंत मुदत दिली. त्यामुळे "अमेरिकेत लागतं का" याला एक उत्तर नाही. राज्य कोणतं आणि शिकवायचं काय, एवढं आधी ठरवायचं.

आता आपलं टेक्सास. मी ह्यूस्टनमध्येच एका चार्टर शाळेत आठवीला गणित शिकवते. नाशिकहून बी.एड. करून आले आणि सुरुवातीला लायसन्सशिवायच रुजू झाले. इथल्या कायद्यात चार्टरच्या शिक्षकाला किमान पदवी हवी, बस. तुमच्या फोनवरच्या बाई खरंच बोलल्या. मात्र दोन ठिकाणी ही सूट नाही. विशेष शिक्षणाचे शिक्षक, आणि द्विभाषिक किंवा ईएसएलचे शिक्षक, म्हणजे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांचे. यांना सर्टिफिकेट हवंच. ठसे आणि गुन्हेगारी नोंदींची तपासणी तर कुणालाच चुकत नाही.

ह्यूस्टनमध्ये ही ईएसएलची अट कागदावर राहत नाही. माझ्या वर्गात अर्ध्याहून जास्त मुलांच्या घरी स्पॅनिश बोलतात. काही जण होंडुरास, ग्वातेमालाहून नुकतेच आलेले असतात. "ट्रेनने एका तासात साठ मैल कापले तर" हे गणित त्यांना गणित म्हणून येत असतं, पण वाक्य कळत नाही. बी.एड.ला आपण आशययुक्त अध्यापन शिकलो, पाठ टाचणं लिहिली, पण दुसऱ्या भाषेतून शिकणाऱ्या मुलाला शब्द कसे पुरवायचे, चित्र आधी द्यायचं की वाक्य आधी, त्याला उत्तर इंग्रजीत नाही तर आकृतीत कसं देऊ द्यायचं, हे मला इथल्या सर्टिफिकेशनच्या अभ्यासक्रमातच शिकायला मिळालं. ईएसएलची १५४ नंबरची परीक्षा दिली आणि माझा वर्ग खरोखर बदलला. वर्षभर गप्प बसलेला एक मुलगा फळ्याजवळ येऊन रेषीय समीकरणाचा आलेख काढायला लागला. म्हणून मी लायसन्सच्या बाजूची आहे. चार्टर शाळांवर माझा काही राग नाही, पण सूट आहे म्हणून कुणी तयारीशिवाय मुलांसमोर उभं राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर नोकरी घ्या आणि त्याच वर्षी अल्टरनेटिव्ह सर्टिफिकेशन प्रोग्रामला नाव घाला. आपलं बी.एड. म्हणजे टेक्सासचं सर्टिफिकेट नव्हे, आणि आपल्याकडे राज्याचं वेगळं शिक्षक लायसन्स नसल्यामुळे "परदेशी सर्टिफिकेट बदलून द्या" या वाटेने आपलं फारसं भागत नाही. प्रोग्रामला प्रवेश, विषयाची टेक्सेस, म्हणजे टेक्सासची शिक्षकांसाठीची परीक्षा (तुम्हाला सायन्स ७-१२, नंबर २३६, सातवी-आठवी त्यातच येते), मग एक वर्षाचं इंटर्न सर्टिफिकेट, त्या वर्षात वर्ग सांभाळत अभ्यासक्रम, पीपीआर म्हणजे अध्यापनशास्त्राची परीक्षा, आणि शेवटी पाच वर्षांचं स्टँडर्ड सर्टिफिकेट. हे इंटर्न वर्ष चार्टर शाळेत करता येतं. तुमची शाळा त्यासाठी मेंटॉर देते का, हे मुलाखतीतच विचारा.

नोकरीची बाजूही बघा. टेक्सासमध्ये राज्याने ठरवलेलं शिक्षकांचं किमान वेतनमान चार्टर शाळेला बंधनकारक नाही, आणि सरकारी शाळेतल्या शिक्षकाला कायद्याने करारातून मिळणारं संरक्षणही सहसा नसतं. निवृत्तिवेतनासाठी मात्र टीआरएस ही राज्याची शिक्षकांची योजना लागू असते. हातात सर्टिफिकेट असलं की शाळा पटली नाही तर दुसरीकडे जाता येतं. नसलं तर तुम्ही त्याच शाळेच्या मर्जीवर.

जर्सीकर

नणंदबाईंना माझा पाठिंबा. न्यू जर्सीत चार्टर असो वा डिस्ट्रिक्टची नेहमीची सरकारी शाळा, शिक्षकाला राज्याचं सर्टिफिकेट हवंच. बाहेरून येणाऱ्यांसाठी सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटीचा रस्ता आहे. पदवी, विषयाचे ३० क्रेडिट, विषयाची प्रॅक्सिस (शिक्षकांसाठीची परीक्षा). वाचन-लेखन-गणिताची प्रॅक्सिस कोअर जानेवारी २०२५ पासून काढून टाकलीय, त्यामुळे एक डोंगर कमी झाला. टेक्सासचं स्टँडर्ड सर्टिफिकेट आणि वर्गातला अनुभव घेऊन आलात तर शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. राज्याराज्यांत एकमेकांच्या शिक्षक-सर्टिफिकेटांबद्दल नॅस्डटेक या संघटनेचा करार आहे. तो आपोआप लायसन्स बदलून देत नाही, पण दार उघडतो. लायसन्सशिवाय आलात तर टेक्सासमधला चार्टरचा अनुभव इथे लायसन्सची जागा घेणार नाही.

पुलावरून

मला हा लायसन्सचा आग्रह जरा जास्त वाटतो. न्यू यॉर्कचा कायदा बघा. चार्टर शाळेत ३० टक्के किंवा पाच, यांत जो आकडा लहान, तेवढे शिक्षक विनासर्टिफिकेट चालतात, आणि गणित-विज्ञान वगैरे विषयांना त्यावर आणखी जागा आहेत. कॉलेजचा प्राध्यापक, किंवा उद्योगात, कलेत, सैन्यात असामान्य काम केलेला माणूस मुलांना शिकवू शकला पाहिजे. आमच्या गावच्या शाळेत सुतारकाम शिकवणारे मिस्त्री होते, त्यांच्याकडे कुठलं डी.एड. होतं? पण त्यांच्या हातून शिकलेलं आजही विसरलेलो नाही.

गणिताच्या_बाई

मिस्त्रींबद्दल मान आहेच, आणि न्यू यॉर्कची ती तरतूद मला चांगली वाटते. पण ती नीट वाचा. तिथे मर्यादा आहे, आणि कुणाला घ्यायचं याच्या पात्रता लिहिलेल्या आहेत, त्यात शाळेत किमान तीन वर्षं शिकवल्याचा अनुभव हीसुद्धा एक. कुशल माणसाला वाट मोकळी ठेवणं वेगळं आणि माणूस मिळत नाही म्हणून पदवी एवढीच अट ठेवणं वेगळं. टेक्सासमध्ये हे फक्त चार्टरपुरतं उरलेलं नाही. २०१५ पासून 'डिस्ट्रिक्ट ऑफ इनोव्हेशन' म्हणून नोंद केलेल्या नेहमीच्या सरकारी डिस्ट्रिक्टनाही सर्टिफिकेटच्या नियमातून सूट घेता येऊ लागली; २०२५ च्या कायद्याने मुख्य विषयांपुरती ती आता टप्प्याटप्प्याने बंद होतेय. गरीब वस्तीतल्या मुलाला जो शिक्षक मिळतो तो बहुतेकदा नवखा असतो, आणि तिथेच अट सैल केली तर त्याचा भार त्या मुलावर पडतो. हे मी रोज बघते, म्हणून इतकं लिहिते.

दोन_मुलांची_आई

ऑस्टिन. माझ्या धाकट्याला डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण) आहे, आयईपी, म्हणजे त्याच्यापुरता विशेष शिक्षणाचा आराखडा, आहे. चार्टरमध्ये घालताना कुणीतरी सांगितलं की टेक्सासच्या कायद्यानुसार चार्टर शाळेने प्रत्येक शिक्षकाची पात्रता पालकांना लेखी कळवायची असते. मी ती यादी मागून घेतली आणि विशेष शिक्षणाच्या शिक्षिकेचं सर्टिफिकेट टीईएच्या (टेक्सासच्या शिक्षण खात्याच्या) साइटवर नाव घालून पाहिलं, कुणालाही पाहता येतं. फार निर्धास्त वाटलं. शिक्षकांना हे ओझं वाटत असेल, पण पालक म्हणून सांगते, तेवढा एक कागद बघून रात्री झोप लागते.

माण_तालुका

इकडची बातमी म्हणून लिहितो. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागू केली. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांना दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचंय. त्या प्रकरणात महाराष्ट्रातल्याही याचिका होत्या. पंचवीस वर्षं शिकवलेले आमचे सहकारी आता बालमानसशास्त्राची पुस्तकं काढून बसलेत. ताई, तुम्ही परीक्षेला घाबरू नका, इथे आम्ही सगळे त्याच बाकावर आहोत.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. नणंदेला हा धागा पाठवला, तीही शांत झाली. आता एक नवी अडचण. पदवीचं मूल्यांकन करणाऱ्या एका संस्थेला विचारलं तर म्हणाले, तीन वर्षांची बी.एस्सी. एकटी असेल तर अमेरिकन पदवीच्या बरोबरीची धरली जाईलच असं नाही. पदवीच धरली नाही तर टेक्सासची ती एकमेव अटही पुरी होत नाही! असं झालं तर काय करायचं? आणि ईएडी वर्षाच्या मध्यात संपणार आहे, शाळेला सांगावं का?

गणिताच्या_बाई

घाबरू नका, हे आपल्या बहुतेकांना भेटतं. बी.एस्सी. एकटी पाठवू नका. बी.एड.ची गुणपत्रकंही एकाच अर्जात द्या आणि 'कोर्स-बाय-कोर्स' अहवाल मागा. माझ्या बाबतीत दोन्ही मिळून पदवी धरली गेली. संस्था निवडताना आधी टीईएच्या मान्यताप्राप्त यादीत तिचं नाव आहे का ते बघा. एका संस्थेचा अहवाल इमिग्रेशनला चालला म्हणजे टीईएला चालेलच असं नाही. शिवाजी विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट यायला वेळ लागतो, सांगलीत कुणी घरचं असेल तर त्यांना आजच कामाला लावा. अहवालात जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, येतो. प्रोग्रामला किमान २.५ लागतो. आपले पंचावन्न-साठ टक्के बघून खचू नका, मूल्यांकनात ते इथल्या श्रेणीत बदलून येतात आणि कागदावर दिसतात त्याहून बरे ठरतात.

ईएडीबद्दल शाळेला नक्की सांगा, आणि आधीच. नूतनीकरणाचा अर्ज केल्यावर आपोआप मिळणारी ५४० दिवसांची मुदतवाढ ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना मिळत नाही. संपायच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो, त्या दिवशीच करा. मध्येच कार्ड संपलं तर शाळेला तुम्हाला वर्गातून काढावंच लागेल, आणि आठवीला विज्ञानाची स्टार ही राज्याची परीक्षा असते. वसंतात शिक्षक बदलला तर मुलांचे हाल होतात. शाळेला आधी माहीत असेल तर त्या काळासाठी बदली शिक्षकाची तयारी ठेवता येते.

मुलाखतीआधी शाळेला ईमेलवर तीन गोष्टी विचारा: माझ्या वर्गात ईएसएलची मुलं असतील तर प्रमाणित ईएसएल शिक्षक कोण असेल, इंटर्न वर्षासाठी मेंटॉर देता का, आणि प्रोग्रामची फी शाळा भरते का. काही शाळा ती भरतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. उत्तरं लेखीच घ्या. आणि २३६ ला भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, भूविज्ञान सगळं असतं, रसायन तुमचं पक्कं आहे म्हणून त्यावरच थांबू नका. माझ्या शाळेतल्या एका विज्ञान शिक्षिकेच्या नोट्स आहेत, तिला विचारून तुम्हाला खाजगी निरोपात पाठवते.