टीफलिंग खेळायची असेल तर

एकाने विचारलंय, की ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्र घेऊन खेळायच्या खेळात टीफलिंग (सैतानी वंशाचं, म्हणून लोकांना संशय येणारं पात्र) घेतली तर दर गावात लोक दार लावून घेणार, मग खेळ पुढे कसा सरकणार? सरकतो. फक्त आधी बोलून घ्या.

दादरला मैत्रिणीकडे आम्ही दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. माझी टीफलिंग क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने बरं करणारी पुजारीण आहे, शिंगं-शेपटीसकट. पहिल्याच गावात सराईवाला म्हणाला, “जागा नाही.” खोल्या रिकाम्या दिसत होत्या. टेबलावर सगळे गप्प झाले, कारण मुंबईत भाड्याचं घर शोधताना आडनाव सांगितल्यावर आमच्यातल्या दोघांनी हेच वाक्य ऐकलंय.

नियमांत टीफलिंगला आगीपासून संरक्षण आहे, अंधारात दिसतं. लोकांच्या संशयाला मात्र आकडा नाही, तो डीएमनेच (गोष्ट चालवणाऱ्यानेच) रंगवायचा. आमचं ठरलंय: जादा भाडं, वेशीवर झडती चालेल, शिव्या आणि मारहाण नको. कुणाला त्रास झाला तर प्रसंग तिथेच थांबतो.

आणि कृपा करून तिला चोरच करू नका. (चोर खेळायला मजा येते, मान्य.) १८७१च्या इंग्रजी कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२मध्ये रद्द झाला, तरी पारध्यांच्या पालावर आजही आधी पोलीस जातात. लोकांचा संशय खरा ठरवणारं पात्र मला खेळवत नाही.

गेल्या रविवारी त्याच सराईवाल्याच्या मुलीचा ताप माझ्या क्लेरिकने उतरवला. त्याने खोली दिली, पण पैसे आगाऊ घेतले.