घोटे आखडलेत, पोटरी ताणायची की सांधाच अडतोय? (आईसाठी विचारतेय, वय ६७)

नमस्कार मंडळी,

आईला मधुमेह नाही, गुडघेही ठणठणीत आहेत, पण वर्षभरात घोटे फार आखडलेत. जिना चढताना काही वाटत नाही. उतरताना मात्र पाऊल तिरकं टाकते आणि कठडा सोडत नाही. परवा बाजूला उभी राहून नीट पाहिलं. खालच्या पायरीवर पाऊल टेकायच्या आधीच वरच्या पायाची टाच उचलली जाते आणि सगळा भार चवड्यावर येतो. मला भीती आहे ती तोल जाण्याची.

घरी भिंतीची चाचणी करून पाहिली. भिंतीकडे तोंड, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा, आणि अंगठा भिंतीपासून किती लांब ठेवता येतो ते मोजायचं. उजवा पाय ८ सेंमी, डावा जेमतेम ४. शिवाय उजवीकडे ताण पोटरीत येतो, डावीकडे घोट्याच्या पुढच्या बाजूला काहीतरी अडकल्यासारखं होतं. याच डाव्या पायाचा घोटा तिच्या चाळिशीत जोरात मुरगळला होता.

डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे होणारच. पण वय दोन्ही पायांचं सारखंच आहे ना! सध्या ती खुर्चीत बसून घोटे गोल फिरवते, पायात टॉवेल अडकवून ताणते. डाव्या पायाला याचा उपयोग आहे का? की उलट त्रास वाढेल?

प्रतिसाद

फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून लिहितो. ताई, चाचणी उत्तम केलीत. दोन पायांच्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यामुळे व्यायामही वेगळे.

उजवीकडे स्नायू आखडलाय. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. वरचा गुडघ्याच्याही वरून सुरू होतो, म्हणून तो गुडघा सरळ ठेवूनच ताणला जातो. आतला गुडघ्याखाली सुरू होतो, त्याला ताण द्यायचा तर गुडघा वाकवावा लागतो. टॉवेलच्या व्यायामात पाय सरळ असतो, म्हणजे आतला राहूनच जातो, आणि जिना उतरताना गुडघा वाकलेलाच असतो! भिंतीला हात टेकून दोन्ही प्रकार करा, टाच खाली, ३० ते ६० सेकंद, झटके न देता, रोज. फरक दिसायला काही आठवडे लागतात.

नुसतं ताणून भागत नाही. ओट्याला धरून दोन्ही चवड्यांवर उभं राहायचं आणि अगदी सावकाश टाचा खाली आणायच्या. उतरताना भार पेलायची ताकद यातून येते.

डावीकडे पुढे टोचतंय तिथे जोर लावू नका. जुन्या मुरगळीनंतर सांधा पुढून अडू शकतो, तिथे पोटरी कितीही ताणली तरी अडथळा तसाच राहतो. प्रत्यक्ष तपासून घ्या. हाताने सांधा मोकळा करण्याचे उपचार असतात, गरज वाटली तर एक्स-रे काढतील. आणि एक पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखू लागली तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रक्ताची गुठळी असू शकते.

पायाचा अंगठाही हाताने वर वळवून बघा. चालताना टाच उचलली की तो मागे वळावा लागतो.

धागालेखिका

मनापासून आभार! अंगठे पाहिले. उजवा छान वळतो, डावा थोडासाच, आणि वळवताना मुळाशी दुखतं. हेही त्या मुरगळीमुळेच का?

प्रतिसाद

तसंच असेल असं नाही. अंगठ्याच्या मुळाशी सांध्याची झीज स्वतंत्रपणेही होते. दाखवायला जाल तेव्हा दोन्ही सांधे दाखवा. तोवर अंगठा जबरदस्तीने वळवू नका, आणि चालायला कडक तळव्याचे, पुढून किंचित वर वळलेले बूट द्या. त्यात अंगठ्याला कमी वळावं लागतं.