किन्नरकी (ट्रकवर क्लीनरचं काम) केल्याशिवाय स्टिअरिंग धरावं का?

बारा टायर, नाशिक
बहिणीचा मुलगा नुकताच विशीत पडलाय. कारचं लायसन काढून वर्ष उलटलं, म्हणजे हेवीच्या (ट्रकच्या) लर्निंग लायसनला आता आडकाठी नाही. आठवी पासची अटही २०१९ मध्येच गेली. म्हणतो, "मामा, ड्रायव्हिंग स्कूलला नाव घालतो, महिन्या-दोन महिन्यात गाडीवर." मी म्हटलं, आधी दोन वर्षं किन्नरकी कर. घरात वाद पेटलाय, म्हणून इथे विचारतो.

माझं मत पक्कं आहे. शाळेची गाडी रिकामी आणि मैदान सपाट. भरलेली गाडी ही जातच वेगळी. मला उस्तादाने पहिले सहा महिने स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. लासलगावचा कांदा भरून वाशीला निघालो की दर थांब्याला टॉमी (लोखंडी दांडा) घेऊन टायर ठोकत फिरायचं. हवा बरोबर असली की टॉमी टणकन उडते, कमी असली की नुसतं धप्प. मग मागच्या जोडचाकांत वाकून बघायचं, दगड अडकलाय का. तो सुटला की मागच्याची काच गेलीच. रस्सा कुठे घासतोय, ताडपत्रीत वारा कुठून शिरतोय, हे कोणत्या शाळेत शिकवतात ते सांगा.

उतार
दादा, टॉमीचं पटलं. पण उस्तादाच्या शाळेतला दुसरा धडाही सांगा की. "उताराला न्यूट्रल टाक, डिझेल वाचतं." मी हेच शिकून बाहेर पडलो. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या. आधी सगळीकडे ब्रेक फेल म्हणून बोभाटा. नंतर पोलिसांनी सांगितलं, ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं.

इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद. टाकीत साठलेल्या हवेवर थोड्या वेळा ब्रेक लागतो, हवेचा काटा खाली येत जातो, वर पॉवर स्टिअरिंगही जड होतं. हे मला रिफ्रेशर कोर्सात एका साहेबांनी फळ्यावर खडूने काढून दाखवलं. तेव्हा मला गाडी चालवून अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं!

बारा टायर, नाशिक
न्यूट्रल टाकतो तो उस्तादच नव्हे. आमचा सांगायचा, ज्या गिअरला घाट चढशील त्याच गिअरला उतर. कसारा घाटात ब्रेकच्या लायनरचा जळका वास आला की पहिली माझ्या कानाखाली, मग गाडी बाजूला.

उतार
तुम्हाला चांगला मिळाला हे तुमचं नशीब. भाच्याला कसा मिळेल याची हमी कोण देणार? आणि मार खाऊन पोरगं वास ओळखायला शिकतं, पण वास का येतो ते विचारायला घाबरतं. माझंच उदाहरण आहे.

दोन गाड्यांचा मालक
दोघेही जुन्या काळात राहताय. किन्नर आता ठेवतो कोण? जीएसटी आल्यावर नाके गेले, टोलला फास्टॅग, कागदपत्रं मोबाइलवर. भाड्यातून डिझेल, टोल, हप्ता आणि वराई (हमाली) वजा केली की किन्नराचा पगार काढायचा कुठून? लांबच्या फेरीला मी दुसरा ड्रायव्हर देतो, किन्नर नाही.

बरं, शाळेवालाही ठेवून पाहिलाय. हात एकदम साफ, गिअर लोण्यासारखा. दुसऱ्याच फेरीत पंपाच्या छताला वरचा माल घासला. उंची डोक्यातच नाही.

माझं ऐका, पोराला पिकअपवर बसवा. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला कारचं लायसन चालतं, नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने शिक्कामोर्तब केलंय. गल्लीत रिव्हर्स घेणं, बिल्टी (मालाची पावती) वाचणं, हमालांशी गोडीत बोलणं, सगळं तिथे शिकतो. वर पहिल्या दिवसापासून पगार. किन्नराला काय मिळतं? भत्ता आणि शिव्या.

बारा टायर, नाशिक
पिकअपची सवय नडते, शेठ. ब्रेक दाबला की ती जागेवर उभी राहते. तोच पाय घेऊन पोरगं बारा टायरवर आलं की पुढच्याच्या डिकीत जाऊन थांबणार. बाकी किन्नर मिळत नाही हे मात्र खरं. माझ्याही गाडीवर दीड वर्षं झालं, कोणी नाही.

कोपरगावची वहिनी
आमचे हे सतरा वर्षं लाइनवर आहेत. शिकू द्या कुठेही, मला एक सांगा. १९६१ पासून कायद्याच्या कागदावर ट्रकवाल्याचा दिवस आठ तासांचा आहे. मालकसाहेब, तुमच्या गाडीवर किती तासांचा असतो? ह्यांचा फोन पहाटे तीनला येतो, "झोप येऊ नये म्हणून बोल काहीतरी." मी बोलते. भाजीचे भाव सांगते.

दोन गाड्यांचा मालक
वहिनी, माल उद्या सकाळी हवा म्हणणाऱ्या पार्टीला विचारा.

कोपरगावची वहिनी
पार्टीला "हो" कोण म्हणतं?

उतार
मालकसाहेब गप्प झाले बहुतेक. दादा, भाच्याला पहिल्या मुलाखतीत पगाराच्या आधी हाच प्रश्न विचारायला सांगा: रात्री गाडी कुठे उभी करतात आणि किती वेळ.

हेवी लर्निंग
मी तोच भाचा. मामांनी धागा पाठवला, सगळा वाचला. शाळेची फी भरून झालीय, ती बुडवणार नाही. फॉर्म ५ चं, म्हणजे गाडी शिकल्याचं, सर्टिफिकेट तिथूनच मिळतं. पण क्लास सकाळी सात ते आठ. बाकी दिवस मोकळा. मामा, तुमच्या गाडीवर कोणी नाही म्हणताय तर शुक्रवारी माल भरताना येऊ का? टायर मी ठोकतो. वास आला तर का आला तेही विचारीन, हात खिशात ठेवा.

बारा टायर, नाशिक
शुक्रवारी नाही, गुरुवारी रात्री भरतात. नऊला ये. आईला सांग, डबा दोघांचा दे.