शब्दचर्चा: ‘कृत्रिम पेप्टाइड’ की ‘संश्लेषित पेप्टाइड’?

धरमपेठेतून: बी.फार्म.च्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढून राहिली आहे. प्रयोगशाळेत घडवलेल्या पेप्टाइडला, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीला, काय म्हणू, कृत्रिम की संश्लेषित? आणि ही साखळी ज्यावर बांधतात त्या रेझीनला ‘राळ’ चालेल का?

महालातून: ताई, ‘कृत्रिम’ नका लिहू. कृत्रिम दात, कृत्रिम पाय म्हटलं की अस्सलाच्या जागी बसवलेली वेगळी वस्तू समजते. इथे तसं नाही. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची साखळी. ती अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत घडवली आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. आपल्या नागपुरात मेडिकलला किंवा डागा रुग्णालयात बाळंतिणीचा रक्तस्राव रोखायला टोचतात ते ऑक्सिटोसिन असंच घडवलेलं असतं, पण रेणू शरीरातलाच.

हिंगण्यातून: सर, नुसतं ‘संश्लेषित’ही अपुरं पडतं. पेशीतही प्रथिनांचं संश्लेषणच होतं. शिवाय इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टकडून करून घेतात. पहिल्या उल्लेखाला ‘रासायनिक पद्धतीने संश्लेषित’ लिहा, पुढे ‘संश्लेषित’ पुरे.

महालातून: मान्य. आता राळ. आपल्याकडे राळ म्हणजे झाडाचा डिंकासारखा स्राव, नाहीतर आरोपांची उडते ती. मण्यांवर पेप्टाइड बांधायची पद्धत काढणारे रसायनशास्त्रज्ञ मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये वापरलं ते पॉलिस्टायरीनचे बारीक मणी. म्हणून ‘रेझीनचे मणी’ लिहा. साखळीचं एक टोक मण्याला पक्कं धरलेलं असतं, त्यामुळे एकेक अमिनो आम्ल जोडताना प्रत्येक जोडणीनंतर उरलेली रसायनं धुऊन गाळून टाकता येतात, साखळी मण्यावरच राहते. सारी पद्धत या धुण्यावर उभी आहे. १९८४ चं नोबेल मेरिफिल्ड यांना याच पद्धतीसाठी मिळालं. ‘एफमॉक’ला संरक्षक गट म्हणा: नव्या अमिनो आम्लाचं अमिनो टोक तो झाकून ठेवतो, पिपरिडीन या रसायनाने तो काढला की पुढची जोडणी. शेवटी ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लाने साखळी मण्यापासून सोडवतात.

‘पहिलं अमिनो आम्ल’ मात्र जपून लिहा. नाव लिहिताना आपण अमिनो टोकापासून सुरू करतो, पेशीही तिथूनच बांधते. मण्यावर बांधणी कार्बॉक्सिल टोकापासून होते. म्हणजे मण्याला आधी जोडलेलं अमिनो आम्ल नावात शेवटी येतं. मुलं इथेच गोंधळतात.

धरमपेठेतून: आणि ‘यील्ड’?

हिंगण्यातून: ‘उतारा’ लिहा ना, उसाचा असतो तसा. प्रत्येक जोडणीचा उतारा ९९ टक्के धरला तरी ३१ अमिनो आम्लांच्या साखळीत ३० जोड, म्हणजे पूर्ण साखळी सुमारे ७४ टक्केच. बाकी अर्धवट साखळ्या, त्या एचपीएलसीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तंत्राने, वेगळ्या कराव्या लागतात. उतारा आणि शुद्धता हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. शुद्धतेतही एक मेख आहे. कुपीवर ‘९८ टक्के शुद्ध’ असतं ते बहुधा एचपीएलसीवरचं प्रमाण. भुकटीत पाणी आणि आम्लाचे क्षारही असतात, त्यामुळे दहा मिलिग्रॅम भुकटीत पेप्टाइड त्याहून कमी भरतं. त्याला मी ‘निव्वळ पेप्टाइड’ म्हणतो.