१९२३ च्या जर्मनीत कारखान्यांनी छापलेल्या नोटा : सोय की कामगाराच्या खिशात हात?

लोहारआळी :
१९२३ साली जर्मनीत सरकारी नोटा पुरेनात, म्हणून नगरपालिका, रेल्वे आणि बडे कारखाने स्वतःच नोटा काढू लागले. यालाच नोटगेल्ड म्हणतात, म्हणजे आणीबाणीचा पैसा. काढणारे पाच हजारांहून जास्त, त्यात एसेनचा क्रुप हा पोलाद कारखानाही होता. संग्राहक या नोटांचं फार कौतुक करतात. माझ्या मते कारखान्यांच्या नोटा म्हणजे मालकांनी कामगारांकडून उकळलेलं बिनव्याजी कर्ज. १ ऑक्टोबरला डॉलर सुमारे २४ कोटी मार्कांना होता, १ नोव्हेंबरला १३,००० कोटींना. महिन्याच्या सुरुवातीला वाटलेली नोट महिनाअखेरीस वटवली, की मालकाचं देणं जवळजवळ फुकटात फिटलं! जुलै १९२२ च्या कायद्याने परवानगी आणि तारण सक्तीचं होतं. ते कित्येकांनी गुंडाळून ठेवलं.

नोटासंग्रह :
साफ असहमत. जरा रूर खोऱ्यात, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यात जाऊन बघा. ११ जानेवारीला फ्रेंच-बेल्जियन फौजा घुसल्या, राइशबँकेची, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेची, रोकड वाटेतच जप्त होऊ लागली. ऑगस्टमध्ये तर बर्लिनच्या सरकारी छापखान्यातच संप झाला. मग पगार कशात करायचा? कारखान्याने नोट दिली नसती तर त्या दिवशी घरात पाव आला नसता. आणि कामगार ती जपून थोडीच ठेवत होता? हातात पडली की लगेच पीठ, बटाटे. तोटा झालाच तर ती शेवटी ज्याच्याकडे उरली त्याचा.

लोहारआळी :
शेवटी उरली कुणाकडे? कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याकडे. तो भाव चढवूनच लावणार, किंवा परगावच्या कारखान्याची नोट घेणारच नाही. म्हणजे फटका फिरून कामगारालाच. शिवाय याच उद्योगांना राइशबँक कर्ज देत होती. सप्टेंबरमध्ये व्याजदर ९० टक्क्यांवर नेला, तोही वर्षाचा! भाव आठवड्याच्या आत दुप्पट होत असताना हे जवळजवळ दानच झालं.

हिशेबनीस :
सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. ऑक्टोबरअखेरीस सोन्याच्या मोलाशी बांधलेल्या सरकारी कर्जरोख्यांच्या तारणावर स्थिर मूल्याच्या नोटा काढायला मुभा मिळाली. त्यांवर डॉलरचा अंश छापलेला असे. त्यातून पगार करणाऱ्याने कामगाराला लुटलं नाही. कोट्यवधी मार्कांच्या कागदावाल्यांबद्दल मात्र लोहारआळींशी सहमत.

लोहारआळी :
तीच मुभा आधी का नाही मागितली? १५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क हे नवं स्थिर चलन आलं. २२ तारखेपासून नोटगेल्ड घेणार नाही, असं राइशबँकेने १७ लाच जाहीर केलं. २५ ला कोलोनच्या बैठकीत चलन-आयुक्त शाख्त यांच्यावर तुटून पडले ते ऱ्हाइनलंडचे उद्योगपतीच. ज्यांचा फायदा बंद होणार होता तेच ओरडले.

नोटासंग्रह :
त्या बैठकीत नगरपालिकाही होत्या, त्यांना बेकारांना भत्ता द्यायचा होता. परकी फौजांच्या ताब्यातल्या प्रदेशात रेंटेनमार्क सुरुवातीला येऊच दिला नव्हता. २२ तारखेनंतर तिथे मजुरी कशात द्यायची होती, एवढं सांगा.