केप ब्रेटनचं फिडल 'अस्सल जुनं स्कॉटिश' आहे का?

तिरकस_तार (धागाकर्ता)
कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावरच्या फिडलबद्दल (व्हायोलिनच, वाजवायची ढब निराळी) काहीही वाचा, एक वाक्य ठरलेलं असतं: स्कॉटलंडात हरवलेलं संगीत इथे जसंच्या तसं टिकलं. माझ्या मते ही पर्यटन खात्याची भाषा आहे.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, म्हणजे हायलंड्सच्या, जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळं हुसकावली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हजारो माणसं इथे आली, हे खरंच. पण त्यानंतर ती काय हातावर हात धरून बसली? फिडलमागे जो पियानो दणदणतो तो विसाव्या शतकातला. डॅन आर. मॅकडोनाल्ड यांनी एकट्याने शेकडो नव्या चाली बांधल्या. एस्कासोनीचे नावाजलेले फिडलवादक ली क्रेमो मिगमॉ, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. चेटिकॅम्पचे वादक फ्रेंच बोलणारे अकेडियन. मग हे नुसतं 'स्कॉटिश' कसं?

गज_आणि_घोडी
साफ असहमत. नावांची यादी राहू दे, आधी उजवा हात बघ. लांब सूर सलग न ओढता गजाच्या तीन झटपट फटक्यांत तोडतात, त्याला तिथे 'कट' म्हणतात. कान बॅगपाइपवर तयार झालेला आहे हे त्यात लगेच कळतं. स्ट्रॅथस्पे (ठसक्याची, संथ नाचाची चाल) संपला की न थांबता, त्याच स्वरावर थेट रील (वेगवान नाचाची चाल), आणि वादकाच्या टाचा जमिनीवर ठेका धरून. हे सगळं नाचणाऱ्याच्या पायांसाठी. स्कॉटलंडातलं फिडल एव्हाना मैफिली आणि स्पर्धांकडे झुकलं होतं.

रेल्वेत नोकरी करून रात्री नाचांना वाजवणारे बडी मॅकमास्टर यांना पुढे स्कॉटलंडातल्या स्काय बेटावरच्या गेलिक (हायलंड्सची जुनी भाषा) कॉलेजात शिकवायला बोलावलं. आजोळानेच नातवाला गुरू केलं. पर्यटन खात्याच्या जाहिरातीवरून कोणी असं बोलावत नाही.

हॅलिफॅक्सकर
खात्याला इतकं झोडपू नका हो. २००१ साली केप ब्रेटनवरच्या सिडनी शहरातला पोलाद कारखाना बंद झाला, त्याच वर्षी सरकारी कंपनीची शेवटची कोळसा खाणही. ऑक्टोबरात भरणाऱ्या सेल्टिक कलर्स महोत्सवामुळे (१९९७ पासून) गावोगावच्या सभागृहांत लोक येतात, खाणावळी चालतात. पाटीवर 'सेल्टिक' (म्हणजे स्कॉटिश-आयरिश वळणाचं) लिहिल्याने कोणाचं काय बिघडतं?

तिरकस_तार
@हॅलिफॅक्सकर, क्रेमोंसारख्या मिगमॉ वादकांचं बिघडतं. 'सेल्टिक' पाटीखाली त्यांना पाहुणे म्हणूनच बसावं लागतं.

@गज_आणि_घोडी, कट मान्य. पण विन्स्टन 'स्कॉटी' फिट्झगेराल्ड यांचं काय? त्यांचं स्वच्छ, नेटकं वाजवणं रेडिओ आणि रेकॉर्डवर ऐकून पुढची अख्खी पिढी त्यांच्यासारखं वाजवायला लागली. रेडिओवरून पसरलेली ढब 'जशीच्या तशी' कशी?

खारं_पाणी
पाटी पर्यटनाची, हे अर्धसत्य. शेजारच्या अँटिगोनिशमध्ये १९३०च्या दशकात निघालेल्या रेकॉर्ड कंपनीचं नावच 'सेल्टिक' होतं, आणि रेकॉर्डी घेणारे काही पर्यटक नव्हते.

आणि आयरिश कुठे गेले तुमच्या चर्चेत? शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावर जा. आयर्लंडच्या वॉटरफर्ड-वेक्सफर्डहून मासेमारीसाठी आलेल्यांची वस्ती, फिडलपेक्षा बटणांचा अकॉर्डियन जोरात. तिथे 'शुद्ध' वगैरे वाद घालताना मी तरी कोणाला पाहिलं नाही.

गज_आणि_घोडी
@तिरकस_तार, टिकवणं म्हणजे फ्रीजमध्ये ठेवणं, असं मी कुठे म्हटलं? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सीबीसीच्या (कॅनडाची सरकारी प्रसारण संस्था) माहितीपटाने केप ब्रेटनचा फिडलवादक नामशेष होतोय असं जाहीर केलं. लोक चिडले, संघटना उभी केली आणि १९७३ साली बेटावरच्या ग्लेनडेल गावात शंभराच्या वर फिडलवादक एका मंचावर आणले. ते काय स्कॉटी फिट्झगेराल्डसाठी जमले होते? आपल्या आजोबांचं वाजवणं बुडू नये म्हणून जमले.

तिरकस_तार
जमले, आणि आजोबांनी कधी न ऐकलेल्या चालीही वाजवल्या. माझा मुद्दा तोच आहे. आता आजोबांच्या भाषेचं बोल. शाळेत गेलिक बोललं की मार मिळायचा, घरोघरची भाषा आटली, फिडल मात्र जोरात. ज्या गाण्यांच्या बोलांवरून गजाचं वळण आलं असं तुम्ही लोक सांगता, ते बोल आजच्या किती वादकांना येतात?

गज_आणि_घोडी
थोड्यांना. म्हणून तर केप ब्रेटनवरच्याच सेंट ॲन्सच्या गेलिक कॉलेजात, १९३८ पासूनच्या, फिडलसोबत भाषाही शिकवतात. तू ज्याला पर्यटन म्हणतोस त्यातला पैसा तिकडेही जातो, हे विसरू नकोस.