पैसा आहे, पण आम्ही नेमके कुठल्या वर्गातले?

लेथवाला:
कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं शेड आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन, तीन पोरं कामाला. वडील फाउंड्रीत मोल्डर, जन्म वाळूत गेला. मी आयटीआय टर्नर. हप्ता जाऊनही महिन्याला बरं उरतं.

गेल्या महिन्यात धाकट्या भावासाठी ताराबाई पार्कात स्थळ बघायला गेलो. भाऊही मशीनवरच असतो. मुलीच्या वडलांनी पोह्याची बशी पुढं केली आणि त्यांची नजर माझ्या नखांवर थांबली. रॉकेलनं धुवा नाहीतर साबणानं घासा, बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, काळी रेघ काही निघत नाही. "नोकरी नाही का कुठं?" एवढंच विचारलं. चहा यायच्या आधीच उत्तर कळलं होतं. त्यांचा जावई आमच्या निम्म्या पगारावर पुण्यात आहे, हे त्यांनीच सांगितलं, तेही कौतुकानं.

मग वर्ग ठरतो कशावर?

तासिकावाले सर:
नेट, पीएचडी, आणि अकरा वर्षं तासिका तत्त्वावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. मार्क्सच्या हिशेबानं तुम्ही मालक, कारण लेथ तुमचं. मी इस्त्रीचा शर्ट घातलेला मजूर. पण समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरनं वर्ग वेगळा धरला आणि सामाजिक दर्जा वेगळा. बाजारात तुमची पत किती, हा झाला वर्ग. कोण कुणाच्या पंगतीला बसतं, कुणाची सोयरीक कुणाशी जुळते, हा दर्जा. तुम्ही अडकलात ते दुसऱ्यात. मला तर किराणावाला उधारी मागतानाही 'सर' म्हणतो, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

पेठेतला गडी:
भावा, त्या पाव्हण्याच्या गाडीतला एखादा पार्ट तुझ्याच शेडातनं गेला असंल! आपल्या कोल्हापुरात कसला वर्ग? मिसळीच्या बाकड्यावर फॉर्च्युनरवाला आणि हमाल मांडीला मांडी लावून बसत्यात.

बिंदू चौकातली:
बसतात, आणि कट मागून उठतात. पुढं काय? याच गावात दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात लोकांनी चहा प्यावा म्हणून शाहू महाराजांना स्वतः तिथं जाऊन प्यावा लागला. १९०२ साली संस्थानाच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागास जातींसाठी राखून ठेवल्या, त्याही उगीच नाही. काही जणांना पैसा कमवायच्या दारातच उभं करत नव्हते.

लेथवाले दादा, राग मानू नका. ते ताराबाई पार्कातलं स्थळ 'आपल्यातलंच' होतं ना? म्हणजे एक चाळण तुम्ही घरातनं निघतानाच लावली होती. ती टोचली नाही, कारण ती तुमच्या हातात होती. दुसरी त्यांच्या हातात निघाली.

लेथवाला:
ताई, आपल्यातलंच होतं.

सर, तुमचं ते सोयरीकीचं पटलं. दोन दिवस शेडात तेच डोक्यात घोळतंय. माझ्याकडं एक पोरगा आहे, वेगळ्या समाजातला. त्याचा हात माझ्यापेक्षा साफ. मशीनवरनं जॉब काढला की मायक्रोमीटर लावायचा तो नुसता खात्रीपुरता. पण त्याचं नाव कधी घरात स्थळ म्हणून निघालं नाही, निघणारही नव्हतं. आणि त्याचं सोडाच. चार वर्षांपूर्वी बहिणीसाठी बघत होतो तेव्हा आपल्यातलाच, हातकणंगल्याचा एक वर्कशॉपवाला आला होता. घरी मीच म्हणालो होतो, नोकरीवाला बघू या.